मेक्सिकोत शिकायला जाताय? ओळखी कशा वाढवायच्या आणि वीकेंडला कसं फिरायचं, टप्प्याटप्प्याने

दर सेमिस्टरला आपल्याकडून मेक्सिकोला शिकायला येणाऱ्या मुलामुलींचं साधारण एकच होतं. आल्या आल्या कानकूनचं विमान बुक करायचं, पुढच्या शनिवारी दक्षिणेतलं वाहाका, त्याच्या पुढच्या शनिवारी अजून कुठेतरी, आणि प्रत्येक फोटोत बरोबर तेच चार-पाच भारतीय चेहरे. मग दीड-दोन महिन्यांत पैसे आटतात, इमिग्रेशनचं काम अर्धवट राहिलेलं असतं, आणि वर्गातल्या मेक्सिकन मुलांशी ओळख 'ओला, के ताल', म्हणजे 'हाय, कसं काय'च्या पुढे सरकलेली नसते. मग घरी फोनवर सांगतात की इथे एकटं वाटतं.

चूक फिरण्यात नाहीये, क्रमात आहे. आधी कागद, मग फोन-पैसे-पोट, मग ओळखी, आणि फिरणं त्याच्यानंतर. मेक्सिकोतल्या चांगल्या ट्रिपा ओळखीतूनच निघतात, कुठल्या रस्त्याने जायचं, कुठला रस्ता आज बंद आहे, कुणाच्या मावशीकडे झोपता येईल, हे सगळं तिथल्या मुलांना माहीत असतं, कुठल्याही अॅपला नसतं. खालचे टप्पे मेक्सिको सिटी आणि पुएब्ला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत. तुम्ही मोंतेरे किंवा ग्वादालाहाराला असाल तर बसस्टँडची नावं बदलतील, बाकी सगळं तसंच.

टप्पा 1: कागद, आणि तेही विमानतळापासूनच

कोर्स 180 दिवसांपेक्षा जास्त असेल तर भारतातूनच विद्यार्थी म्हणून तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा घेऊन यावं लागतं. पासपोर्टवरचा तो स्टिकर म्हणजे फक्त आत येण्याची परवानगी. उतरल्यापासून 30 दिवसांच्या आत इमिग्रेशनच्या ऑफिसात, ज्याला सगळे आयएनएम म्हणतात, तिथे जाऊन त्याचं रेसिडेन्स कार्ड करून घ्यायचं असतं, या प्रकाराला तिथे 'कान्हे' म्हणतात. हे 30 दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे दिवस नाहीत, आणि अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नसतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन मागे लागायचं.

इथे एक चूक फार होते. ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना मेक्सिकोत पर्यटक म्हणून तसाही प्रवेश मिळतो, त्यामुळे काउंटरवरचा अधिकारी घाईघाईत तुम्हाला पर्यटकाचा शिक्का मारून मोकळा होऊ शकतो. असं झालं की पुढे कार्डासाठी भयंकर चकरा माराव्या लागतात. म्हणून पासपोर्ट देतानाच विद्यार्थी व्हिसाचं पान उघडून द्या आणि 'एस्तुदियांते, कान्हे' एवढे दोन शब्द स्वच्छ म्हणा.

तपासा: काउंटर सोडायच्या आधी शिक्का वाचा. त्यावर कान्हे आणि 30 दिवस असं हवं. 180 लिहिलेलं दिसलं तर तिथेच उभं राहून बदलून मागा, मागे कितीही रांग असू दे.

सावधान: कार्डाचं काम चालू असताना देशाबाहेर जायचं नाही. ग्वाटेमाला, बेलिझ, टेक्सासमधला चुलतभाऊ, सगळं नंतर. अगदीच जाणं भाग असेल तर बाहेर जाऊन परत यायची वेगळी परवानगी आधी काढावी लागते.

एकाच सेमिस्टरसाठी, म्हणजे 180 दिवसांच्या आत परत जाणाऱ्यांना हे कार्ड लागत नाही, पण मग कार्डाचे फायदेही मिळत नाहीत. त्यातला मोठा फायदा म्हणजे सरकारी पुरातत्त्व स्थळं आणि म्युझियम रविवारी मेक्सिकन लोकांसारखीच तिथल्या परदेशी रहिवाशांनाही फुकट असतात, फक्त कार्ड दाखवावं लागतं.

टप्पा 2: फोन, पैसे आणि घरच्यांची वेळ

हा टप्पा एका दुपारी उरकतो. लोकल सिम घ्या, पासपोर्ट जवळ ठेवून. रिचार्ज कुठल्याही ऑक्सोत होतो, हे लालपिवळं दुकान प्रत्येक कोपऱ्यावर असतं. मेक्सिकोत सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं, वर्गाचे ग्रुप, घरमालक, डॉक्टरची वेळ, सगळंच. भारतातल्या नंबरवर व्हॉट्सअॅप चालू ठेवायला हरकत नाही, पण कॉल करायला, टॅक्सीवाल्याने फोन करायला लोकल नंबर हवाच.

पैसे एटीएममधून काढताना बँकेच्या आतलं एटीएम वापरा, रस्त्यावरचं सुटं मशीन नको. स्क्रीनवर 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारलं की नाही म्हणायचं, नाहीतर मशीनवाल्यांच्या रेटने पैसे कापले जातात. आणि 500 ची नोट हातात आली की ती सुपरमार्केटात मोडून घ्या. सकाळी सकाळी तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ, विकणाऱ्या बाईसमोर 500 ची नोट धरली तर तिच्याकडे सुट्टे नसतात, आणि रांगेतले सगळे तुमच्याकडे बघत बसतात.

घरी फोन करायचं गणित: मध्य मेक्सिको भारताच्या साडेअकरा तास मागे आहे. 2022 साली तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत बंद झाली, काही सीमेलगतचे भाग सोडले तर, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच. तिथे रात्री 8 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. आईबाबांना फोनची एक ठरलेली वेळ द्या, म्हणजे शनिवारी तुम्ही पार्टीत असताना ते काळजी करत बसणार नाहीत. कानकूनला मात्र घड्याळ एक तास पुढे असतं, तिथून परतीचं विमान पकडताना लक्षात ठेवा.

टप्पा 3: पोट, आणि शाकाहारी असाल तर हे नीट वाचाच

नळाचं पाणी प्यायचं नाही. घरी 20 लिटरचा जार येतो, गार्राफोन म्हणतात, तो संपायच्या आधी दुसरा मागवा. पहिले काही दिवस रस्त्यावर कच्चं काही खाऊ नका, गरम तव्यावरचं बिनधास्त खा.

शाकाहारी मंडळींचा घोळ असा होतो की 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढंच सांगतात. तिथे कार्ने म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात बहुतेकदा बीफ आणि पोर्क येतं, त्यामुळे चिकन किंवा हॅम घातलेली थाळी प्रेमाने समोर येते, आणि त्यात आचाऱ्याची चूकही नसते. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन'. याच्यापुढचे दोन प्रश्न वेगळे विचारायचे. भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का, म्हणजे 'काल्दो दे पोयो' आहे का. आणि वाटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी, म्हणजे 'मान्तेका' आहे का. मैद्याच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पोळीतही, ती असू शकते, मक्याच्या तोर्तियात सहसा नसते. वाहाकात त्लायूदा, म्हणजे वर सारण पसरलेली मोठी कडक तोर्तिया, खाल तर 'सिन आसियेंतो' सांगा, कारण खालचा जो तपकिरी थर असतो तो चरबीचाच असतो. मोले नावाची जी प्रसिद्ध ग्रेव्ही आहे ती बहुतेक ठिकाणी चिकनच्या सूपमध्येच पातळ करतात.

मग खायचं काय? खूप काही आहे, खरंच. कोपऱ्यावरच्या केसादियाच्या ठेल्यावर उभं राहा. बाई निळसर मक्याच्या पिठाचा गोळा हातावर थापते, मोठ्या गोल तव्यावर, कोमालवर टाकते, आणि तुम्हाला विचारते आत काय घालू. भोपळ्याची फुलं, मशरूम, मिरचीच्या पट्ट्या, निवडुंगाची भाजी, आणि वित्लाकोचे, म्हणजे मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी, जी चवीला फार छान असते. मेक्सिको सिटीत 'कोन केसो' म्हणून सांगितलं नाही तर केसादियात चीज येत नाही, हे तेवढं लक्षात असू द्या. त्लाकोयो नावाचा लांबट प्रकार मागा, त्याच्या पोटात वाटलेला घेवडा किंवा वालासारखे हाबाचे दाणे भरलेले असतात. पैसे शेवटी द्यायचे असतात आणि किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं असतं, ती मोजत बसत नाही. त्यामुळे मोजून खा आणि खरं सांगा, दुसऱ्यांदा गेलात की ती तुम्हाला ओळखते आणि 'याला चिकन नको' हे तीच शेजारच्या बाईला सांगते.

तपासा: शेजारून उठून जाताना जेवत असलेल्या लोकांना 'प्रोवेचो' म्हटलंत का? अनोळखी असले तरी म्हणतात. हॉटेलात बिल आपण मागितल्याशिवाय येत नाही, 'ला क्वेंता, पोर फावोर' म्हणावं लागतं, आणि टीप 10 ते 15 टक्के. बिलं वेगळी हवी असतील तर ऑर्डर देतानाच सांगा.

पोट बिघडलंच तर मेडिकलच्या शेजारी बऱ्याचदा छोटा दवाखाना असतो, तपासणी स्वस्तात होते. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्यामुळे आधी तिथे दाखवा, आणि खोलीत जलसंजीवनीची पाकिटं ठेवाच.

टप्पा 4: दर आठवड्याला एक ठरलेली जागा

लोक इथेच घाई करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेक्सिकन मुलं बोलायला मोकळी असतात. पहिल्याच दिवशी 'आपण भेटू, तुला शहर दाखवतो' म्हणतील, आणि म्हणताना ते मनापासूनच म्हणत असतात, पण दिवस-वेळ ठरलेली नसेल तर ते होत नाही. तोंडावर नाही म्हणणं तिथे बरं दिसत नाही, त्यामुळे 'हो, येतो' हे उत्तर बऱ्याचदा 'बघू' इतकंच असतं. आपली मुलं दोन-तीनदा असं झालं की रुसून बसतात आणि भारतीय ग्रुपमध्ये परत येतात. रुसायचं काही कारण नाही. पद्धत अशी:

एक, असं काहीतरी धरा जे दर आठवड्याला त्याच वेळी त्याच माणसांबरोबर होतं. युनिव्हर्सिटीत संध्याकाळचे वर्ग असतात, सालसा, नाटक, फोटोग्राफी, व्हॉलीबॉल. किंवा कॅम्पसवरचा फुटबॉल, ज्यात कुणीही घुसू शकतं. एकदाच होणाऱ्या वेलकम पार्ट्यांमधून मित्र मिळत नाहीत, दर मंगळवारी तोच घाम गाळला की मिळतात.

दोन, बोलावणं तुम्ही द्या आणि छोटं द्या. 'शनिवारी कुठेतरी जाऊ' नको, 'गुरुवारी क्लासनंतर अडीच वाजता कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवू' असं. तिथलं मुख्य जेवण दुपारी 2 ते 4 च्या दरम्यान असतं, आणि कोमीदा कोरीदाच्या साध्या खानावळीत सूप, भात, मुख्य पदार्थ आणि सरबत असं सगळं मिळतं. लाल सरबत आपल्या अंबाडीच्याच जातीच्या बोंडांचं असतं, हामाइका म्हणतात, आणि चिंचेचंही असतंच.

तीन, त्या दिवशी सकाळी मेसेज टाका. ठरलंय म्हणून गृहीत धरू नका.

चार, स्पॅनिश मोडकंतोडकं का असेना, बोला. टेबलावर एक जरी मेक्सिकन बसला असेल तर आपसात मराठी-हिंदी सुरू करायचं नाही. हे कडक वाटेल, पण ओळखी तुटतात त्या इथेच.

सावधान: रविवार घरच्यांचा असतो. बरेच मेक्सिकन विद्यार्थी आईवडिलांकडेच राहतात आणि रविवारी दुपारी आजीकडे सगळं खानदान जमतं. मित्रांबरोबरचे प्लॅन शुक्रवारी-शनिवारी ठेवा, रविवारी 'कुणी येतच नाही' असं म्हणत बसू नका.

टप्पा 5: घरी किंवा पार्टीला बोलावलं तर

पार्टी 8 ची असेल तर 9 च्या आधी पोहोचू नका, घरातलं कुणी अंघोळीलाच गेलेलं असतं. दुपारच्या जेवणाला मात्र एवढा उशीर नको, पंधरा-वीस मिनिटं ठीक. रिकाम्या हाताने जाऊ नका, बेकरीतली गोड ब्रेडची पिशवी, केक किंवा कोल्ड ड्रिंकची मोठी बाटली, काहीही चालतं.

आत गेल्यावर सगळ्यांना मिळून एक हात हलवणं तिथे उद्धटपणा वाटतो. प्रत्येकाजवळ जायचं, वीस माणसं असली तरी वीसजणांजवळ. बायकांशी उजव्या गालाला गाल लावून एकदाच हवेत चुंबन, पुरुषापुरुषांत हात मिळवणं आणि ओळख असेल तर मिठी. हे अवघड वाटत असेल तर आधीच हात पुढे करा, कुणाला राग येत नाही. आणि निघतानाही तेच, प्रत्येकाचा निरोप घ्यायचा. गुपचूप सटकलात तर दुसऱ्या दिवशी विचारतात की काही बिनसलं का.

घरच्या जेवणानंतर लगेच उठायचं नसतं. ताटं उचलली तरी माणसं टेबलाशीच बसतात, गप्पा दोन-दोन तास चालतात, त्याला सोब्रेमेसा म्हणतात. त्या दिवशी संध्याकाळची बस बुक करू नका. याच टेबलावर कुणाचा तरी काका सांगतो की पुढच्या महिन्यात गावची जत्रा आहे, चला. ज्यांनी हे बोलावणं घेतलं त्यांना मेक्सिको दिसतो.

परतफेड करा. बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर, एवढं पुरतं. शेंगदाणे, गूळ, चिंच, कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरं, सगळं मंडईत मिळतं, तोर्तिया तर कोपऱ्यावर गरम गरम मिळतात.

पार्टीत वर्गणी काढतात, त्यात पेसोपेसोचा हिशोब करत बसू नका. रात्री क्लबला जायचं असेल तर ओळखपत्र लागतं, वय 18. आपला ग्लास आपल्या हातात ठेवा. मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1,646, म्हणजे तिथे तुम्ही झोपता तीच जागा महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखराच्या कितीतरी वर आहे. पहिल्या आठवड्यात जिना चढताना धाप लागते आणि दारूही लवकर चढते, म्हणून सावकाश घ्या, मध्येमध्ये पाणी प्या.

तपासा: घरी कसं जायचं हे निघण्याआधीच ठरलंय का? मेट्रो मध्यरात्री बंद होते. रात्री रस्त्यावरची टॅक्सी थांबवू नका, अॅपवरून बोलवा आणि ट्रिप मित्राला शेअर करा. आणीबाणीचा नंबर 911.

टप्पा 6: पहिलं फिरणं शहरातल्या शहरात

शहराबाहेर जायच्या आधी एक शनिवार सोचिमिल्कोला द्या, वर्गातल्या आठ-दहा जणांना घेऊन. मेट्रोने तास्केन्या, तिथून त्रेन लिहेरो, म्हणजे छोटी लोकल, थेट सोचिमिल्को. रंगीत होड्या, त्राहिनेरा, तासाच्या आणि अख्ख्या होडीच्या दराने मिळतात. माणशी दर सांगणारा भेटला तर सरळ धक्क्यावरच्या दराच्या फलकाकडे बोट दाखवा. आणि स्टेशनबाहेर सायकल घेऊन 'चला, दाखवतो' म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, स्वतः धक्क्यावर जा. खाणं बरोबर न्या, ग्रुप मोठा असेल तर अगदी स्वस्तात अख्खी दुपार जाते आणि पाण्यात अडकल्यासारखे सगळे एकमेकांशी बोलतात, हाच खरा उपयोग.

दुसरा एक अर्धा दिवस मराठी माणसाने चापिंगोला द्यावा असं मला मनापासून वाटतं. तापो बसस्टँडवरून तेस्कोकोची बस, तिथे जवळच शेतकी विद्यापीठ. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे इथे शिकवत होते, मक्यावर काम करत होते, आणि 2022 मध्ये तिथे त्यांचा पुतळा उभारला गेला. तिथल्या जुन्या प्रार्थनामंदिरात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची भित्तिचित्रं आहेत. बरोबरच्या मेक्सिकन मित्राला हे बऱ्याचदा माहीत नसतं, त्याला तुम्ही काहीतरी दाखवताय, हे एकदा व्हायला हवं.

सावधान: म्युझियम सोमवारी बंद. कोयोआकानमधलं चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घर बघायचं तर वेळेचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, दारात जाऊन मिळेल या भरवशावर जाऊ नका. मेट्रोत पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात, फलक बघून चढा.

टप्पा 7: एक दिवसाची ट्रिप आणि बसचं तंत्र

आता शहराबाहेर. पहिला नियम, दोन-अडीच तासांच्या आतलं ठिकाण. दुसरा नियम, कुठल्या बसस्टँडवरून हे आधी बघा, कारण मेक्सिको सिटीत दिशेप्रमाणे चार मोठे स्टँड आहेत आणि चुकीच्या स्टँडवर पोहोचणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

पूर्वेला तापो, मेट्रो सान लासारो: पुएब्ला, वाहाका, वेराक्रूस. उत्तरेला नोर्ते, मेट्रो आउतोबुसेस देल नोर्ते: तेओतिवाकान, केरेतारो. दक्षिणेला तास्केन्या: तेपोस्त्लान, क्वेर्नावाका, तास्को. पश्चिमेला ओब्सेर्वातोरियो: तोलुका, वाये दे ब्रावो.

सुरुवात तेओतिवाकान, म्हणजे प्राचीन पिरॅमिडांचं शहर, किंवा पुएब्ला-चोलुलापासून करा. तेओतिवाकान तासाभरावर आहे, सकाळी पहिल्या बसने जा, अकरानंतर तिथे सावली नावाला नसते. रविवारी फुकट असल्यामुळे प्रचंड गर्दी, म्हणून पैसे परवडत असतील तर शनिवार. पुएब्ला साधारण दोन तास.

तिकीट काढताना तीन प्रश्न: 'एस दिरेक्तो?' थेट जाते का. 'वा पोर क्वोता?' टोलच्या हायवेने जाते का, कारण बिनटोलचा रस्ता हळूही आणि कमी सुरक्षितही. आणि शेवटची परतीची बस किती वाजता. सीट स्क्रीनवर दाखवतात, शेवटच्या दोन रांगा घेऊ नका, टॉयलेट तिथेच असतं. बॅग खाली डिकीत टाकलीत तर चिठ्ठी मिळते, ती हरवू नका, तिच्याशिवाय बॅग देत नाहीत. पासपोर्ट, लॅपटॉप, औषधं वर स्वतःजवळ. आणि स्वेटर! बाहेर तिशीचं ऊन असलं तरी बसच्या आत एसी इतका जोरात असतो की अर्धी बस ब्लँकेट घेऊन चढलेली असते.

शाळांच्या अधिकृत सुट्ट्यांच्या काळात विद्यार्थ्यांना बसभाड्यात 50 टक्क्यांपर्यंत सवलत असते, प्रत्येक बसमध्ये ठराविक सीटच, म्हणून लवकर जा आणि तिथल्या युनिव्हर्सिटीचं चालू ओळखपत्र दाखवा. भारतातल्या कॉलेजचं चालेल ही आशा धरू नका.

तपासा: रेसिडेन्स कार्ड किंवा पासपोर्ट, मूळ प्रत, शहराबाहेर जाताना अंगावर हवी. दक्षिणेकडे, चियापास, ताबास्को, वाहाका भागात इमिग्रेशनवाले बस थांबवून कागद बघतात, आणि दक्षिण आशियाई चेहरा दिसला की हमखास विचारतात. फोनमधला फोटो दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. शहरातल्या शहरात फिरताना मूळ कागद घरी आणि प्रत खिशात, असं बरेचजण करतात.

नव्या गावात उतरल्यावर स्टँडच्या आतल्या खिडकीवर टॅक्सीचं कुपन काढा, 'ताक्सी आउतोरिसादो' लिहिलेलं असतं. बाहेर हात धरून ओढणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

रविवारी परत येणार असाल तर चारच्या आत निघा. क्वेर्नावाका आणि पुएब्लाकडून राजधानीत येणारे रस्ते रविवारी संध्याकाळी तुडुंब भरतात.

टप्पा 8: मुक्कामाची ट्रिप, लाँग वीकेंड

एक-दोन एकदिवसाच्या ट्रिपा बिनघोर झाल्या की मग मुक्काम. इथे कॅलेंडर पाठ हवं. फेब्रुवारीचा पहिला सोमवार, मार्चचा तिसरा सोमवार आणि नोव्हेंबरचा तिसरा सोमवार या सुट्ट्या कायद्यानेच सोमवारी येतात, या लाँग वीकेंडला पुएंते म्हणतात. त्यात 1-2 नोव्हेंबरचा मृतांचा सण, 15 सप्टेंबरची रात्र, म्हणजे स्वातंत्र्यदिनाची पूर्वसंध्या, आणि होली वीक, म्हणजे ईस्टरचा आठवडा, धरा. या तारखांना बस आणि खोल्या तीन-चार आठवडे आधी घ्या, वाहाकाला नोव्हेंबरच्या सुरुवातीला जायचं असेल तर त्याहूनही बरंच आधी. आणि ग्रुपमध्ये जो पैसे आधी देईल तोच येणार असं धरून बुक करा.

वाहाकाला तापोवरून सहा-सात तास लागतात. पहिल्यांदा दिवसाची बस घ्या. शनिवारी मोंते आल्बानचे डोंगरावरचे प्राचीन अवशेष, रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार, म्हणजे रविवार रिकामा हवा. तिथून पुएर्तो एस्कोन्दिदोचा समुद्र फेब्रुवारी 2024 मध्ये नवा रस्ता झाल्यापासून सुमारे तीन तासांवर आलाय, आधी सहा-सात लागायचे. जुन्या ब्लॉगवरच्या वेळा धरून प्लॅन करू नका.

सावधान: वाहाका आणि चियापासमध्ये गावकरी किंवा संघटना रस्ते अडवतात, बस तासन्‌तास उभी राहते. निघण्याच्या आदल्या रात्री 'ब्लोकेओ' हा शब्द आणि रस्त्याचं नाव टाकून बातम्या बघा, आणि परतीच्या दिवसानंतर लगेच सकाळी परीक्षा ठेवू नका. चियापासमधला सान क्रिस्तोबाल ते पालेंके हा डोंगरातला रस्ता तर तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय घेऊच नका.

समुद्र: पॅसिफिकच्या बाजूला लाटा आत ओढतात. सिकातेला आणि सिपोलिते इथे चांगले पोहणारेही बुडालेत. लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापुरतंच.

डोंगर: सह्याद्रीत फिरलेली मुलं ला मालिंचे सहज करू म्हणतात. ते साधारण 4,400 मीटर आहे, अंतराने नाही, हवेने दमवतं. राजधानीत महिनाभर राहिल्याशिवाय जाऊ नका, पहाटे निघा, दुपारच्या पावसाआधी खाली या, डोकं दुखायला लागलं की उतरायचं. पोपोकातेपेत्ल जागृत ज्वालामुखी आहे, त्याच्या तोंडापासून 12 किलोमीटरच्या आत जायला बंदी आहे, कुणी गाइड नेतो म्हणाला तरी नाही.

फोटो: चियापासमधल्या सान हुआन चामुलाच्या चर्चमध्ये आत फोटो काढायला सक्त मनाई आहे, मोबाइल खिशातच ठेवा.

स्वस्त विमान घ्याल तर तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते वाचा. राजधानीला जुना बेनितो हुआरेस आहे आणि 2022 पासून उत्तरेला दूरवर फेलिपे आन्हेलेस, कोड एनएलयू. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर दुसऱ्यावर वेळेत जाणं विसरा. सगळ्यात स्वस्त भाड्यात केबिन बॅगही धरलेली नसते, ती काउंटरवर महाग पडते, बुक करतानाच टाका.

आणि प्रत्येक मुक्कामाच्या ट्रिपेआधी कार्डाची शेवटची तारीख बघा. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या आधीच्या 30 दिवसांत करायचा असतो, आणि तो महिना नेमका डिसेंबरच्या सुट्टीत आला तर ऑफिस बंद असण्याचे दिवस धरून ट्रिप पुढे ढकला.